बडे बाबूंचा भाव

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला पहिल्या वर्षी साखर होते, दुसऱ्या वर्षी नातू होतो आणि तिसऱ्या वर्षी पासपोर्ट होतो. आमच्या भंडाऱ्याच्या बडे बाबूंना याशिवाय आणखी एक गोष्ट झाली. आपल्याला परदेशात कोणीतरी पळवून नेणार, अशी त्यांची खात्री झाली.

बडे बाबू हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात. खुर्ची गेली तरी शब्द माणसाला चिकटून राहतो. बुटकी मूर्ती, पाणी लावून पाडलेला भांग आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. आता लाल पेन कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "शेरा कवा मारा लागंल, सांगता येते का जी?" भाषाही त्यांच्याकडे दोन आहेत. मन शांत असलं की ‘सदर इसम’, ‘उपरोक्त बाब’, ‘उचित कार्यवाहीस्तव’. घाबरले की थेट झाडीपट्टीतली घरची बोली. थायलंडच्या सहलीचे पैसे भरल्यापासून घरची बोली फार वाढली होती.

एरवी हा माणूस भित्रा नाही. त्यांचं मूळ गाव कोका अभयारण्याच्या अंगाला. गावी गेले की उन्हाळ्यात अजूनही अंगणात खाट टाकून झोपतात आणि वाघ आल्याची हाळी झाली तर फक्त कूस बदलतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा लोक धान्य वाचवत होते आणि बडे बाबू माळ्यावर बसून आपलं सर्व्हिस बुक पोटाशी धरून होते. वाघाचे नि पुराचे नियम त्यांना माहीत होते. पळवणाऱ्यांचे माहीत नव्हते. नियम माहीत नसलेल्या प्रकरणात सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी फाईल उघडली.

पिवळ्या फोल्डरवर लाल अक्षरांत लिहिलं, ‘विषय : परदेश प्रवासातील संभाव्य अपहरण – प्रतिबंधात्मक उपाययोजना’. पहिलं प्रकरण त्यांनी मराठी माणसाचंच लावलं. रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासातले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला बसमधून उतरून घरी जाताना त्यांना पळवलं. पळवणाऱ्यांना भारतीय तुरुंगातला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भट सोडवून हवा होता. दोन दिवसांत म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. पुण्याचा म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा. पुण्यात शिकायला गेलेली आमची अर्धी पोरं त्या पुलावरून रोज जातात, कोण म्हात्रे हे एकालाही सांगता येत नाही. बडे बाबूंना मात्र त्यातून एकच गोष्ट दिसली. "साहेब, हे इंग्लंडात झालं. बँकॉकचं तं विचारूच नोका."

दुसरं प्रकरण मोसुलचं. जून २०१४ मध्ये इराकात एकोणचाळीस भारतीय मजुरांना अतिरेक्यांनी नेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांतल्या अडतीस जणांचे अवशेष घरी आले. हे पान उलटताना बडे बाबू काहीच बोलले नाहीत. पुढे सोमालियाचे चाचे, अफगाणिस्तान, अशी फाईल जाड होत गेली. त्यातलं एकही ठिकाण आमच्या सहलीच्या वाटेवर नव्हतं. पण जाड फाईल पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, ही नोकरीतली सवय.

मग उपाययोजना सुरू झाली. पळवणारे आधी पाळत ठेवतात, माणूस रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जातो हे हेरतात, म्हणून रस्ता आणि वेळ बदलत राहावी, असं या विषयातले जाणकार सांगतात आणि ते बरोबरही आहे. बडे बाबूंनी रंगीत तालीम भंडाऱ्यातच घेतली. खांब तलावावरचं सकाळचं फिरणं रोज वेगळ्या गल्लीने. पहिल्याच दिवशी तीन दारांतून आवाज आला, "काऊन जी बडे बाबू, आज इकडून?" आमच्या गावात मळलेली वाट सोडणं म्हणजे दवंडी पिटणं. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. एकाचं म्हणणं बाबूंनी किराणेवाल्याची उधारी थकवली आहे, दुसऱ्याचं म्हणणं घरी वाजलं आहे. दुसऱ्या आठवड्यात पोहेवाला गिऱ्हाइकांना सांगत होता, "आज मंगळवार. आज मागच्या गल्लीनं येतीन, सव्वासहाले."

नंतर आला खात्रीचा प्रश्न. पळवलेला माणूस जिवंत आहे की नाही हे पारखायला घरच्यांनी असं काहीतरी विचारायचं, जे फक्त त्यालाच ठाऊक असेल. ही युक्तीसुद्धा खरी आहे, वाटाघाटी करणारे ती वापरतात. बडे बाबूंनी वहिनींना समोर बसवून प्रश्न ठरवला : आपल्या लग्नात भाजी कोणती होती? वहिनी म्हणाल्या, "वांग्याची. अवं पर आपल्याकडं कोनाच्याही लग्नात वांग्याचीच रायते न जी. थो चोरही सांगंन." हा मुद्दा बिनतोड होता. मग लग्नात रुसलेल्या मामांनी काय मागितलं होतं, हा प्रश्न पुढे आला. बाबू म्हणाले घड्याळ, वहिनी म्हणाल्या सायकल, आणि सायकल मागणारे मामा कोणाच्या बाजूचे यावरून त्या रात्री स्वयंपाक झाला नाही. फाईलवर शेरा पडला, ‘बाब विचाराधीन’.

हॉटेलची खोली तिसऱ्या ते सहाव्या मजल्यावर असावी, हेही त्यांनी कुठूनतरी मिळवलं. खालच्या मजल्यावर चोर चढतो, वरच्या मजल्यावर अग्निशमनाची शिडी पुरत नाही. त्यांनी नागपूरच्या सहलवाल्याला रीतसर अर्ज दिला. विषय, संदर्भ, ‘महोदय’, खाली सोबत जोडलेली कागदपत्रं. सहलवाला पोरगा अर्ज उलटसुलट करून म्हणाला, "काका, व्हॉट्सअॅप केलं असतं तरी चाललं असतं." ‘चाललं असतं’ हा शब्द बडे बाबूंना जन्मात सहन झालेला नाही. तो पुढे पुन्हा येणार आहे.

याच काळात तर्रीपोह्यावर गप्पा मारताना मी त्यांना ज्युलिअस सीझरची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी पंच्याहत्तरच्या सुमारास चाच्यांनी तरुण सीझरला समुद्रात धरलं आणि वीस टॅलेंट चांदी खंडणी मागितली. सीझरला राग आला तो पळवल्याचा नाही, भाव कमी लावल्याचा. त्याने त्यांना पन्नास मागायला लावले. सुटल्यावर आरमार घेऊन परत गेला आणि त्यांना सुळावर चढवलं, ही पुढची गोष्ट. बडे बाबू तर्रीत चमचा तसाच ठेवून विचारात पडले. आपला भाव काय निघेल?

दुसऱ्या दिवशी हिशेब तयार होता. पेन्शन, पण ती दरमहा, एकरकमी नाही. अंशराशीकरणाचे पैसे मुलीच्या लग्नात गेले. राहिली गावची धानाची शेती. सातबाऱ्यावर ते, दोन भाऊ, चुलतभाऊ आणि हक्कसोड न केलेली बहीण. सहहिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय त्यांचा वाटा मोकळा होत नाही, चुलतभाऊ सही देत नाही, आणि मोजणी कधीपासून पडून आहे. "मंजे पयले वाटणी, मंग फेरफार, मंग विक्री," बडे बाबू बोटं मोडत म्हणाले. "तवरक मले जेवू घालतीन का थे?" मला बाबूंची नाही, त्या अज्ञात पळवणाऱ्यांची कीव आली. सीझरला धरणं परवडलं, भंडाऱ्याच्या सामाईक खातेदाराला धरणं कोणालाही परवडणार नाही.

माझी चूक नसताना मी गेटीचीही गोष्ट सांगून बसलो. १९७३ साली रोममध्ये तेलसम्राट पॉल गेटीचा सोळा वर्षांचा नातू पळवला गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंतांत गणला जाणारा आजोबा पैसे देईना. नातवाचा कापलेला कान वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचला, तेव्हा कुठे म्हातारा हलला. त्यातही कर वाचेल तेवढेच पैसे स्वतःचे दिले आणि उरलेले मुलाला चार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. ऐकणाऱ्याला कानाचा धक्का बसतो. बडे बाबू म्हणाले, "चार टक्के? आमच्या पतसंस्थेनं कवाच देल्ले नाही." पण त्या दिवसापासून पुण्यातल्या आपल्या मुलाशी फोनवर बोलताना त्यांच्या आवाजात एक तपासणीचा सूर आला. वहिनींना वेगळीच खात्री होती. "पैसे कायले लागतात? दोन दिवस तंबाखूचा खर्रा नाही भेटला तं हे सोताच चोराच्या पाया पडून भरून देतीन."

अपहरणाचा विमाही असतो, हे त्यांच्या विमा एजंटाने त्यांना सांगायला नको होतं. असा विमा बड्या कंपन्या काढतात आणि त्याची मुख्य अट म्हणजे तो काढल्याचं कोणालाही सांगायचं नाही, कारण विमा आहे म्हटल्यावर पळवणाऱ्याचा भाव चढतो. बडे बाबूंनी ही अट गांधी चौकात उभ्या उभ्या, रस्त्यापलीकडच्या एजंटाला ओरडून विचारून पक्की करून घेतली.

यथावकाश आम्ही निघालो. सहलीत मीही होतो. नागपूरहून मुंबई, मुंबईहून बँकॉक. डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा. बडे बाबूंच्या बनियनच्या आतल्या बाजूला मार्किंगच्या शाईने ११५५ लिहिलेलं, हा तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर. पासपोर्टाच्या झेरॉक्स तीन ठिकाणी. भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्याच्या तेविसाव्या गल्लीत आहे हे त्यांना तोंडपाठ. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. सुवर्णभूमी विमानतळावर मात्र त्यांचा अभ्यास आणि आमची बस यांची टक्कर झाली. आमच्या सहलीचं नाव लिहिलेली पाटी घेऊन एक हसतमुख थाई तरुण उभा होता. पाटी कोणीही लिहू शकतो, हा फाईलमधला मुद्दा क्रमांक अकरा. बडे बाबूंनी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. त्याने दाखवलं. बाबूंनी त्याची झेरॉक्स मागितली. दोन प्रती. साक्षांकित. तो बिचारा हात जोडून ‘सवादी खाप’ म्हणत राहिला आणि बाबू त्याला ‘अटेस्टेड, अटेस्टेड’ म्हणत राहिले. बस पाऊण तास उशिरा सुटली.

खोली चौदाव्या मजल्यावर मिळाली. बाबूंनी दाराखाली घरून आणलेली सागवानी पाचर ठोकली. ती सकाळी निघेना, म्हणून नाश्त्याला आले नाहीत. टुकटुकवाल्यांकडे ते बघत नसत. कोरल बेटावर जाणाऱ्या बोटीत चढताना सीझरची आठवण होऊन थोडे थांबले, पण चढले. आणि पट्टायात, एका दुपारी, त्यांचं खरोखरच अपहरण झालं.

म्हणजे आम्हा सगळ्यांचंच. ‘दहा मिनिटं बघून येऊ’ म्हणत गाईडने बस एका दागिन्यांच्या दुकानापाशी उभी केली. पुढून आत गेल्यावर बाहेर यायचा रस्ता सगळी दालनं पार केल्यावरच, आणि बस मागच्या दारी. थंडगार हवा, गोड सरबत, प्रत्येक जोडप्यामागे एक हिंदी बोलणारी, ‘भाभीजी’ म्हणणारी मुलगी. दीड तासाने बडे बाबू नीलमाचा लोलक घेऊन बाहेर आले. पावती त्यांनी फाईलला लावली, पण अपहरणाच्या नाही, खर्चाच्या. आपण खंडणी भरून सुटलो हे त्यांना आजही मान्य नाही. "काय चांगली पोरगी होती जी, काकाजी म्हनत होती."

परत आल्यावर ते काहीसे उतरलेले दिसले. कोणी पाळत ठेवली नाही, कोणी पाठलाग केला नाही. "आपल्याकडं कोनी पायलंच नाही," असं एकदा म्हणालेही. एवढी तयारी करून पाहणीचे साहेबच न आल्यावर कचेरीत जी कळा येते, ती त्यांच्या तोंडावर होती.

पळवणारा पुढे आला, पण तो भंडाऱ्यातच, रविवारी दुपारी, पायातले जोडे बाहेर काढून आणि बाबूंच्या पाया पडून. वहिनींच्या बहिणीचा मुलगा, बी. कॉम. झालेला, संगणकात हुशार, नोकरी नाही. त्याला बँकॉकमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची जागा मिळवून देणारा हा एजंट. तुमसरकडचा. आधी गावं निघाली, मग नाती निघाली. एजंटाच्या मामाच्या गावात बाबूंच्या आत्याचे दीर निघाले. दोन-तीन सोयरिकी जुळल्यावर बडे बाबूंनी स्वतः उठून पंख्याचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. थाई तरुणाकडे साक्षांकित प्रत मागणारा हाच माणूस. पगार नव्वद हजार, राहणं-खाणं कंपनीचं, एजंटाचे दीड लाख, निम्मे आधी. मुलाच्या आईने गोफ गहाण ठेवायची तयारी केली होती.

परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये नेमक्या याच नावाच्या जागांबद्दल इशारा दिला होता. थायलंडला म्हणून नेतात आणि पोरं सीमेपलीकडे, बहुतेक म्यानमारला पोचतात. थायलंडच्या माए सोतजवळून मोई नदी ओलांडली की म्यावाडी. तिथल्या कुंपणबंद आवारांत पासपोर्ट काढून घेतात आणि गोड गप्पा मारून जगभरच्या लोकांना गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडायला बसवतात. कोटा भरला नाही तर मार. सुटायचं असेल तर घरून पैसे आणायचे. खंडणीच ती, पण पळवलेल्याने स्वतः विमानाचं तिकीट काढलेलं, घरच्यांनी ओवाळून पाठवलेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने साठाहून अधिक जणांच्या सुटकेची माहिती दिली. तेव्हा पकडलेल्यांत भरती करणारे एजंट होते.

आपण मात्र अनोळखी चेहऱ्यांत पळवणारे शोधत बसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, पोरं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावाने ठेचून मारलं. त्यांचा दोष एवढाच की त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. तुमसरच्या एजंटाची ओळख निघाली होती.

यातलं त्या रविवारी बडे बाबूंना काहीही ठाऊक नव्हतं. फाईलमध्ये चाचे होते, अतिरेकी होते, एजंट नव्हता. त्यांनी फक्त एजंटाने पुढे केलेला अर्ज हातात घेतला, कारण कागद समोर आला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. वाचता वाचता हात खिशाकडे गेला आणि लाल पेन निघालं.

"रकाना चार. व्हिसाचा प्रकार, पर्यटक. रकाना सात. प्रवासाचे प्रयोजन, नोकरी. सदर दोन नोंदींत विसंगती आहे. खुलासा व्हावा."

एजंट हसला. "काकाजी, थे तेवढं चालते."

खोलीतली हवा बदलली. या एका शब्दावर बडे बाबूंनी नोकरीभर किती फायली अडवल्या, किती ठेकेदार रडवले, किती साहेबांची बोलणी खाल्ली, हे भंडाऱ्यातला कोणीही सांगेल. पाठ ताठ झाली आणि झाडीबोली गडप झाली. "आपला नोंदणी क्रमांक? उत्प्रवास अधिनियम, १९८३ अन्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यास नोंदणी अनिवार्य आहे." हा कायदा त्यांना कसा माहीत, तर जुन्या फायलींच्या गठ्ठ्यात एकदा परिपत्रक वाचलं होतं आणि त्यांनी वाचलेलं परिपत्रक पुसलं जात नाही. एजंट म्हणाला, नंबर ऑफिसात आहे. बाबू म्हणाले, मग ऑफिसचा पत्ता लिहून द्या. एजंटाला तेवढ्यात फोन आला म्हणून तो अंगणात गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पोह्यांची बशी अर्धी तशीच राहिली.

आपण कोणाला वाचवलं, असं बडे बाबूंना वाटलं नाही. त्यांच्या लेखी तो एक अपूर्ण अर्ज होता, नियमानुसार परत केलेला. पोराने महिनाभर तोंड फिरवलं. "मावसाजी, तुमी माझं करिअर बरबाद केलं." ५४९ जणांची बातमी आल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे विषय काढला, तर म्हणाला, त्यातल्या काहींना पगार मिळत होता म्हणे. आता तो एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो आणि मोबाईलवर दुबईच्या जाहिराती बघतो.

बडे बाबूंनी मात्र फाईलचा भाग दोन उघडला आहे आणि त्यात कामाचे कागद आहेत. दहावी न झालेल्याला आखाती देश, थायलंड, मलेशिया धरून अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची उत्प्रवास परवानगी लागते. दहावी झालेल्याला लागत नाही, त्यामुळे शिकलेल्या पोराला वाटेत अडवून कागद तपासणारं हे फाटकच नाही. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. त्याचं नाव आणि क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतो. पर्यटक व्हिसावर नोकरी कोणत्याही भल्या कंपनीकडे नसते.

तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल तर गोफ मोडण्याआधी एजंटाकडे त्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो ‘तेवढं चालते’ म्हणाला, तर त्याला बडे बाबूंकडे पाठवा. ते संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. फी नाही. अर्ज दोन प्रतींत लागतो.